मेडिकलच्या काउंटरवर

ताप, खोकला, डोकेदुखी या तक्रारी माणूस मेडिकलच्या काउंटरवर मोठ्या आवाजात सांगतो. पोट साफ होत नाही, हे सांगताना मात्र तो आधी शेजारी कोण उभे आहे ते पाहतो. ‘दोन दिवस झाले, काहीतरी द्या,’ एवढेच शब्द बाहेर पडतात. दुकानदार फळीवरची गुलाबी बाटली काढतो, पिवळ्या गोळ्यांची पट्टी कापून देतो, नाहीतर एखाद्या चूर्णाची डबी पुढे सरकवतो. औषध कोणासाठी हवे आहे, त्या माणसाचे वय काय, बीपीच्या किंवा लोहाच्या गोळ्या सुरू आहेत का, मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. संकोचामुळे हा व्यवहार अर्ध्या मिनिटात उरकतो. वास्तविक या फळीवरची औषधे एकमेकांपासून फार वेगळी आहेत. एक अर्ध्या तासात परिणाम दाखवू शकते, तर दुसरे तीन दिवस घेते. एक गरोदर बाईला चालते, दुसरे तिने टाळायला हवे. म्हणून बाटलीवरच्या नावापेक्षा ते औषध पोटात नेमके काय करते, हे कळलेले बरे.

त्याआधी बद्धकोष्ठ म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे रोज सकाळी चहाबरोबर पोट साफ झाले, तरच प्रकृती ठीक, असा समज घट्ट आहे. वैद्यकशास्त्र इतके कडक नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, या मर्यादेत कुठेही असलात आणि त्रास नसेल, तर ते नेहमीचेच. किती वेळा होते, यापेक्षा कसे होते हे जास्त सांगून जाते. ब्रिस्टलच्या लुइस आणि हीटन या डॉक्टरांनी 1997 साली मलाच्या घट्टपणाचा सात पायऱ्यांचा तक्ता प्रसिद्ध केला आणि तो आज जगभर वापरला जातो. पहिल्या दोन पायऱ्या, म्हणजे सुटे कडक खडे किंवा खडे चिकटून झालेला गोळा, या बद्धकोष्ठाच्या. कुंथावे लागणे आणि जाऊन आल्यावरही पोट मोकळे न वाटणे ही त्याची दुसरी ओळख. एखादा दिवस चुकला पण मल मऊ आहे आणि पोटाला जडपणा नाही, तर औषधाची काहीच गरज नाही.

चुकलेल्या दिवसाची भीती इतकी खोल का गेली, याला एक इतिहास आहे. साठलेल्या मलातून विष रक्तात भिनते आणि त्यातून डोकेदुखीपासून म्हातारपणापर्यंत सगळे काही येते, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतले मोठे मोठे डॉक्टरही मानत. लंडनचे नामवंत शल्यचिकित्सक सर आर्बथनॉट लेन तर या समजापायी रुग्णांचे मोठे आतडे कापून काढत. 1922 साली डोनाल्डसन नावाच्या अमेरिकी संशोधकाने एक साधी गोष्ट करून पाहिली. निरोगी माणसांच्या मलाशयात त्याने कापूस ठासून भरला. कापसात विष कुठून येणार? तरीही बद्धकोष्ठात होते तशीच डोकेदुखी, मळमळ आणि सुस्ती त्यांना जाणवली. कापूस काढल्यावर ती गेली. म्हणजे हा त्रास ताणलेल्या मलाशयाचा होता, विषाचा नव्हता. शंभर वर्षे झाली, तरी ‘पोटातली घाण’, ‘आतड्यांना चिकटलेला मळ’ ही भाषा जाहिरातींतून गेलेली नाही. अशा शब्दांवर विकले जाणारे औषध मी घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ नये असे मला वाटते.

आता आतड्यात काय घडते ते पाहू. लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड लिटर पातळ द्रव येतो. त्यातले बहुतेक पाणी मोठे आतडे शोषून घेते आणि मलाबरोबर जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर बाहेर जाते. मल आत जितका जास्त रेंगाळेल, तितका तो कोरडा होतो. प्रवासात शौचालय नको वाटले म्हणून तासन्‌तास धरून ठेवले, नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्यावर काढले, लग्नघरी दोन दिवस पाणी कमी पडले, ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळून वेदनाशामके घेतली, की हेच होते. म्हणून फळीवरच्या जवळजवळ प्रत्येक औषधाचे काम दोनांपैकी एक असते. ते मलात पाणी धरून ठेवते, किंवा आतड्याच्या स्नायूंना पुढे ढकलायला लावते. अधूनमधून होणाऱ्या बद्धकोष्ठासाठी पहिली निवड पाणी धरणाऱ्या औषधाची असावी. ढकलणारे औषध हाताशी ठेवावे, पण त्याची पाळी नंतरची.

पाणी धरणाऱ्यांत आपल्या सर्वांच्या ओळखीचे म्हणजे इसबगोल. जगाला लागणाऱ्या इसबगोलाचा फार मोठा वाटा भारत पुरवतो. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातले उंझा हे त्याच्या व्यापाराचे मोठे केंद्र. पीक रब्बीचे, राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेशात ते होते. काढणीच्या तोंडावर पाऊस आला, तर हे पीक हातचे जाते, कारण बियांचे साल पाणी मिळताच फुगते आणि बी झडते. शेतकऱ्याला बुडवणारा हा गुणच आपल्या पोटात उपयोगी पडतो. पेल्यात चमचाभर इसबगोल टाकून दहा मिनिटे ठेवा, त्याचा लगदा झालेला दिसेल. आतड्यातही तो पाणी धरून मल मऊ आणि जाडसर करतो, आणि आतडे ताणले गेले की त्याची हालचाल आपोआप वाढते. हा तंतू पचत नाही आणि आतड्यातले जिवाणूही तो फारसा आंबवत नाहीत, त्यामुळे गव्हाच्या कोंड्याच्या मानाने गॅस कमी होतो.

मात्र इसबगोल घेण्याची आपल्या घरांतली पद्धत पुष्कळदा चुकते. एक-दोन चहाचे चमचे इसबगोल मोठ्या पेलाभर, म्हणजे सुमारे अडीचशे मिलिलिटर पाण्यात टाकून लगेच प्यायचे असते आणि नंतर आणखी पाणी घ्यायचे असते. चमचा कोरडा तोंडात टाकून वर दोन घोट पाणी घेणे धोक्याचे आहे. तो अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतो. झोपायच्या अगदी आधी घेऊन आडवे होणेही टाळावे; संध्याकाळी घेतलेले बरे. दुसरी औषधे आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचे अंतर असावे, नाहीतर गोळी त्याच्या लगद्यात अडकून नीट शोषली जात नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ज्यांना गिळायला त्रास होतो, जे अंथरुणाला खिळलेले आहेत किंवा ज्यांना पाणी कमी प्यायला सांगितले आहे, त्यांच्यासाठी हे औषध नव्हे. संत्र्याच्या चवीच्या डब्यांत बरीच साखर असू शकते, म्हणून मधुमेहींनी लेबल वाचावे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे धीर धरावा. परिणाम बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही दिसतो. ‘काल रात्री घेतले, सकाळी काही झाले नाही’ म्हणून ते टाकून देणारे लोक चांगल्या औषधाला पुरती संधीच देत नाहीत.

इसबगोल जमत नसेल, तर दोन चांगले पर्याय आहेत. एक लॅक्ट्युलोजचे गोड सिरप. ही गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज यांची जोडलेली साखर आहे, पण ती जोडी तोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसते. म्हणून ती न पचता मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथे पाणी ओढते. जिवाणू ती आंबवतात म्हणून पोट गुरगुरते आणि वारा सरतो. पंधरा ते तीस मिलिलिटर हा मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस आणि परिणामाला एक-दोन दिवस लागतात. गरोदरपणात डॉक्टर हे बहुधा निर्धास्तपणे देतात. दुसरा पर्याय पॉलिथिलीन ग्लायकॉलच्या पावडरचा. सतरा ग्रॅम पावडर पेलाभर पाण्यात विरघळवून घ्यायची. तिला फारशी चव नसते, ती आंबत नाही, म्हणून गॅसही कमी. अमेरिकेत ती 2006 पासून चिठ्ठीशिवाय मिळते, आणि तिथल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी 2023 साली जुनाट बद्धकोष्ठासाठी तिची ठाम शिफारस केली. माझ्या मते आपल्याकडे हे औषध जितके वापरले जायला हवे तितके जात नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी. याच पावडरची मोठी पाकिटे कोलोनोस्कोपीआधी आतडे पूर्ण रिकामे करायला दोन लिटर पाण्यातून देतात. नाव तेच, मात्रा कितीतरी पट. दुकानातून घेताना रोजच्या वापराचे छोटे पाकीट आहे ना, ते बघून घ्यावे.

मिल्क ऑफ मॅग्नेशियाही पाणीच ओढते, पण घाईने. अमेरिकेतल्या चार्ल्स फिलिप्स यांनी 1873 साली त्याचे पेटंट घेतले. ते अर्ध्या तासापासून सहा तासांत काम करते, त्यामुळे बाहेर पडायच्या दिवशी ते घेऊ नये. ज्यांचे मूत्रपिंड नीट काम करत नाही, त्यांच्या रक्तात मॅग्नेशियम साठून हृदय आणि श्वासावर परिणाम होऊ शकतो. त्यांनी या बाटलीला हातही लावू नये. वय झालेल्या माणसाचे क्रिएटिनिन कधी तपासलेच नसेल, तर त्यालाही हीच सावधगिरी लागू. आपल्याकडच्या लोकप्रिय गुलाबी बाटलीत मॅग्नेशियाबरोबर लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल असते. तेलाने मल निसरडा होतो हे खरे, पण गिळताना ते चुकून श्वासनलिकेत गेले, तर एका खास प्रकारचा न्यूमोनिया होतो. म्हणून ते लहान मुलांना आणि गिळण्याचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसांना देऊ नये, आणि इतरांनीही पिऊन लगेच आडवे होऊ नये. महिनोन्‌महिने घेतल्यास अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शोषायला अडथळा येतो.

आता ढकलणारी औषधे. बिसाकोडिलची पिवळी गोळी, सोडियम पिकोसल्फेट आणि सोनामुखी ही त्यांतली मुख्य. ती आतड्याच्या अस्तराला आणि नसांना चेतवतात. रात्री घेतली की सहा ते बारा तासांत पोट साफ होते. दोन-तीन दिवस पाण्याच्या औषधाने काही झाले नाही, किंवा ऑपरेशननंतर फारच अडले, तर यांचा उपयोग होतो आणि तो घ्यावा. बिसाकोडिलच्या गोळीवर एक आवरण असते, जे आम्लात टिकते आणि आतड्यात विरघळते. दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर घेतली, तर पोटातले आम्ल कमी होऊन ते आवरण आधीच फुटते आणि पोटात कळा येतात. आपल्याकडे रात्रीचे औषध दुधाबरोबर घेण्याची सवय आहे. या गोळीसाठी ती मोडावी. गोळी चावू नये, पाण्याबरोबर अख्खी गिळावी.

या औषधांनी ‘सवय लागते, आतडी सुस्त पडतात’ असे घरोघरी सांगतात. नेहमीच्या मात्रेत घेतलेल्या गोळ्यांनी आतड्याच्या नसा खराब होतात, याला भक्कम पुरावा नाही. म्हणून गरज असताना एखादी गोळी घेतल्याचे अपराधीपण नको. तरीही माणसे या गोळ्यांत अडकतात, हेही खरे. ते कसे होते पाहा. सोमवारी रात्री गोळी घेतली. मंगळवारी सकाळी तीन-चार दिवसांत टप्प्याटप्प्याने यायचे ते सगळे एकदम बाहेर पडले. आतडे रिकामे झाले. बुधवारी काही झाले नाही, कारण आत काही नव्हतेच. गुरुवारीही नाही. माणूस घाबरतो, पुन्हा बद्धकोष्ठ झाले म्हणून पुन्हा गोळी घेतो आणि चक्र फिरू लागते. ज्याचा हा आजार मुळात चार दिवसांचा होता, तो पुढे वर्षानुवर्षे दर दोन-तीन रात्रींनी गोळी घेतो. जोरदार जुलाबानंतरचे एक-दोन रिकामे दिवस हे बद्धकोष्ठ नव्हे, एवढे कळले असते, तर त्यातले पुष्कळ जण सुटले असते. रोज मोठ्या मात्रेत घेत राहिल्यास शरीरातले पोटॅशियम घटते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्या हृदयरुग्णांसाठी ते धोक्याचे आहे.

‘मी गोळ्या घेत नाही, आयुर्वेदिक चूर्ण घेतो’ असे म्हणणाऱ्यांनी डबीवरची घटकयादी एकदा वाचावी. पुष्कळ चूर्णांत सोनामुखीची पाने असतात. या वनस्पतीची लागवड तामिळनाडूत तिरुनेलवेलीच्या भागात पूर्वीपासून होते आणि परदेशातल्या गोळ्यांतही तिचाच अर्क वापरतात. म्हणजे चूर्ण घेणारा तेच ढकलणारे औषध घेत असतो, फक्त मात्रा किती ते त्याला कळत नाही. ते वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्याचे अस्तर काळपट झालेले कोलोनोस्कोपीत दिसते. तो रंग घातक नसतो आणि औषध थांबवल्यावर हळूहळू जातो, पण चूर्णाला ‘सौम्य’ समजणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा. हिरडा, बेहडा, आवळा यांच्या त्रिफळ्याची गोष्ट वेगळी. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबे बाळहिरडा गोळा करतात आणि त्यांच्या घरात त्यातून चार पैसे येतात. त्रिफळा अनेकांना सोसवतो, मात्र त्याच्या मोठ्या आणि नीट आखलेल्या चाचण्या थोड्याच झाल्या आहेत.

एरंडेलाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. सुटीच्या दिवशी सगळ्या मुलांना ओळीने बसवून एरंडेल पाजण्याची रीत आपल्या कितीतरी घरांत होती. धडधाकट मुलाला असे मुद्दाम जुलाब देण्यात काही फायदा नाही. पाणी आणि क्षार मात्र जातात. एरंडेलातले रिसिनोलेइक आम्ल आतड्याच्या स्नायूंवरच्या एका ग्राहीला चिकटते, हे जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी 2012 साली दाखवले. तोच ग्राही गर्भाशयाच्या स्नायूंवरही असतो. म्हणून गरोदरपणात एरंडेल घेऊ नये, घरातल्या मोठ्यांनी कितीही प्रेमाने दिले तरी.

जुने आणि सर्वांच्या वापरातले म्हणून औषध निर्धोक, हा हिशेबही नेहमी बरोबर येत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत अल्क टाकले की गुलाबी होणारे फिनॉल्फथॅलिन सर्वांनी पाहिले असेल. हंगेरीत 1902 च्या सुमाराला ते रेचक असल्याचे ध्यानात आले आणि पुढे जवळजवळ शतकभर ते चॉकलेटी वड्यांतून अमेरिकेतल्या लहानथोरांनी घेतले. प्राण्यांवरच्या चाचण्यांत गाठी दिसल्यावर 1999 साली तिथल्या औषध प्रशासनाने ते दुकानांतून काढायला लावले. सोडियम फॉस्फेटच्या द्रावणाबद्दल आणि एनिमाबद्दल त्याच प्रशासनाने 2014 साली इशारा दिला: चोवीस तासांत एकाहून जास्त डोस घेतल्याने मूत्रपिंड आणि हृदयाला गंभीर इजा झाल्या होत्या, काही मृत्यूही झाले होते. एका एनिमाने झाले नाही म्हणून लगेच दुसरा देऊ नये.

औषध विकत घेण्याआधी घरातली औषधांची पिशवी उघडून पाहावी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे सिरप, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, व्हेरापामिलसारख्या बीपीच्या गोळ्या, ॲल्युमिनियम असलेली अँटासिडे, काही नैराश्यावरची औषधे, यांतले एखादे कारण असू शकते. ते असेल, तर दुसरी गोळी वाढवण्याऐवजी पहिली बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. जेवणात अंजीर, भिजवलेल्या काळ्या मनुका, पेरू, पपई, उसळी आल्या, तर अनेकांची औषधाची वेळच टळते. सकाळी काही खाल्ल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते; तेव्हा आलेली हाक ऑफिसच्या घाईत परतवू नये. कमोडवर बसताना पायांखाली छोटे स्टूल ठेवले, की मांड्या वर येऊन गुदमार्गाचा बाक सरळ होतो आणि कुंथावे लागत नाही.

लहान मुलांना मोठ्यांचे चूर्ण किंवा गोळी अंदाजाने अर्धी करून कधीही देऊ नये. त्यांच्यासाठी बालरोगतज्ज्ञांचाच सल्ला घ्यावा. गरोदर बाईने इसबगोल किंवा लॅक्ट्युलोज, तेही तिच्या डॉक्टरांना सांगून घ्यावे.

आणि काही वेळा फळीवरचे कुठलेच औषध घेऊ नये. पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत आणि वाराही सरत नाही, असे असेल, तर आतडे अडलेले असू शकते. अशा वेळी रेचक दिल्याने जीव धोक्यात येतो, थेट रुग्णालयात जावे. शौचात रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, हिमोग्लोबिन कमी होणे, पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलणे, घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असेल, तर दुकानदाराला विचारत बसू नका. ‘मूळव्याधच असेल’ म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष केल्याने कर्करोगाचे निदान लांबते, हे डॉक्टरांना वारंवार पाहावे लागते. एरवीही सात दिवस औषध घेऊन फरक पडला नाही, तर आठव्या दिवशी बाटली बदलण्याऐवजी डॉक्टरांकडे जा, आणि काय होते आहे, किती दिवस होते आहे, आतापर्यंत काय काय घेतले, हे आवाज खाली न आणता सगळे सांगा.